कॅसेटमध्ये आला कोण?

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. ते स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे जमतात. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळ्या अंगावर! परवा पालघरला एका लग्नात कुणीतरी सहज विचारलं, "तुम्ही त्या कॉम्प्युटरच्या आवाजावर काहीतरी फुकट लिहिता ना?" झालं. मी बोलायला लागले ती आइस्क्रीमचं पाणी होईपर्यंत. नवरा लांबून खुणा करत होता, मी पाहिलंच नाही.

तर आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. मी विद्या चुरी. तारापूर एमआयडीसीत एका औषधाच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये नोकरीला. दिनेश मूळचा मासवणचा, बोईसरला नवापूर रोडवर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कुठलाही आजार घेऊन जा, त्याचं औषध एकच: "फॉरमॅट मारू." आणि सफाळ्याचे पाटील सर, शाळेत गणित शिकवतात आणि उरलेला वेळ आवाज ऐकतात. गाणं नव्हे, आवाज.

आम्ही तिघं रविवारी सकाळी दिनेशच्या दुकानात बसतो. लिनक्स नावाची जी फुकटची सिस्टीम आहे ना, ती जगभरची माणसं हौसेने बनवतात, हौसेने दुरुस्त करतात आणि त्याहून जास्त हौसेने भांडतात. त्यांच्यासाठी आम्ही मराठीत मदतीची पानं लिहितो. विषय: कॉम्प्युटरवर उत्तम प्रतीचा आवाज. बोईसरला बसून! जिथे एकमेकांशी बोलायचं तर आधी कंटेनर जाऊ द्यावा लागतो.

०

मी या भानगडीत पडले ती रागापायी.

दिनेशने माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलं. सगळं झकास, फक्त गाणं लावलं की बाई पिंपात बसून गातेय असं वाटायचं. मदतीचं मराठी पान उघडलं. पहिली पायरी व्यवस्थित. दुसरी व्यवस्थित. तिसरीला लिहिलं होतं, "पुढचं नेहमीप्रमाणे करा."

नेहमीप्रमाणे! अरे, नेहमीचं माहीत असतं तर तुझं पान कशाला उघडलं असतं मी? आमच्या लॅबमध्ये असं कुणी लिहिलं तर साहेब त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर उभा करतील. मी त्यांच्या चर्चेच्या जागी जाऊन भला मोठा निषेध खरडला. कारखान्यातला, घरचा, रिक्षावाल्याचा, सगळा राग त्यात ओतला. वाटलं, कुणीतरी माफी मागेल.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. फार चांगले मुद्दे मांडलेत, आवाजाची सगळी मराठी पानं आजपासून तुमच्याकडे! खाली टाळ्या वाजवणारी चित्रं.

दिनेशला दाखवलं तर तो हसत सुटला. म्हणाला, इथली रीतच आहे मॅडम, जो तक्रार करतो त्याच्याच हातात झाडू देतात, म्हणून तर मी कधी तोंड उघडत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने पेपर खाली केला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "आयुष्यात कधी कुणाचं ऐकलं नाहीस, आणि आता आवाजावर लिहिणार?"

०

पहिलं पान मी मन लावून लिहिलं. पण हाताला वळण लॅबचं ना! आमच्याकडे प्रत्येक कामाची लेखी पद्धत असते, तिला एसओपी म्हणतात. तिच्याबाहेर चमचासुद्धा हलवायचा नाही. मी सवयीने तोच साचा उचलला आणि आवाजाचं पान त्यात बसवलं.

ही सगळी पानं तपासायला ब्राझीलचे एक गृहस्थ असतात. मराठीचं अक्षर येत नाही, मशीनने भाषांतर करून वाचतात, पण स्वभावाने फार सज्जन. त्यांचा निरोप आला. पान उत्तम आहे, फक्त एक शंका आहे: सुरुवातीला हातमोजे आणि सुरक्षा चष्मा घालायला सांगितलंय, तर तुमच्याकडे आवाजासाठी नेमकं कुठलं रसायन वापरतात?

मी कपाळावर हात मारला. साच्यातला सुरक्षेचा परिच्छेद काढायचाच राहिला होता. दिनेश म्हणाला, राहू द्या की, माझ्या दुकानातली धूळ बघितली तर चष्मा लागतोच.

हातमोजे काढले, चष्मा काढला. पण शेवटचं एक वाक्य मी काढू दिलं नाही. आमच्याकडे प्रत्येक बॅचचा एक नमुना हात न लावता बाजूला ठेवतात, कंट्रोल सॅम्पल. पुढे काही घोळ झालाच तर तोच एक साक्षीदार. म्हणून मी पानात लिहिलं होतं, "मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि ती स्वच्छ, कोरड्या, परक्याचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा." गृहस्थ म्हणाले, हे जरा जास्त होतंय. मी म्हटलं, होऊ दे. आठवडाभर भांडले. शेवटी ते थकले.

०

आता पाटील सरांचे कान. सरांना वायरीतला फरक ऐकू येतो. त्यांच्याकडे एक मोठा हेडफोन आहे, तो ते मखमली पिशवीत ठेवतात आणि दुसऱ्याच्या डोक्याला लावू देत नाहीत. एक दिवस ते बोटाएवढी जाड वायर घेऊन आले. म्हणाले, ही स्पीकरला लावा आणि मग बोला, पानात याचा वेगळा परिच्छेद पाहिजे.

म्हटलं, आधी परीक्षा. सर डोळे मिटून खुर्चीत बसले. दिनेशने जुन्या वायरीवर तबला लावला. सर म्हणाले, पोकळ. दिनेश नवी वायर घेऊन टेबलाखाली शिरला. थोड्या वेळाने सरांचा चेहरा उजळला.

"आता बघा! जमिनीतून येतोय आवाज. छातीत जाणवतोय."

खोटं कशाला बोलू, मलाही जाणवला. खुर्चीच्या हातापर्यंत थरथर येत होती. मी लिहायलाही घेतलं की जाड वायरीने खालचे सूर भरून येतात. तेवढ्यात बाहेर दारातच इंजिन चालू ठेवून उभा असलेला टँकर निघून गेला. त्याच्यामागोमाग खालचे सूरही गेले. सरांनी डोळे उघडले. टेबलाखालून दिनेशचं डोकं वर आलं. त्याला अजून स्पीकरचं भोकच सापडलं नव्हतं, जुनी वायर तशीच होती.

सरांनी हेडफोनची मखमली पिशवी मांडीवर ओढली. मग पिशवीची दोरी आवळत म्हणाले, "टँकर मात्र चांगल्या कंडिशनमध्ये होता."

०

आमच्या या फुकट्या लोकांचा एक नियम फार कडक आहे. पान लिहून झालं की ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला समोर बसवायचं. त्याने नुसतं वाचून, लिहिलंय तसंच सगळं करायचं. आणि लिहिणाऱ्याने शेजारी बसून फक्त बघायचं. तोंड उघडायचं नाही! तोंड उघडलं की चाचणी बाद.

आता हा नियम माझ्यासारखीला! पहिली चाचणी नवऱ्यावर घेतली. तो माउसला हात लावायच्या आत मी, "तिथे नाही, वरती." तो वरती गेला की, "अरे, इतकं वरती नाही." शेवटी त्याने विचारलं की पान वाचू की तुझं ऐकू, दोन्ही एका वेळी होत नाही. चाचणी बाद. दुसरीही बाद.

मग पाटील सरांनी उपाय काढला. वर्गात जी मुलं फार बडबडतात त्यांना ते तोंडात पाण्याचा घोट धरून बसवतात. तास संपला की बाहेर जाऊन थुंकायचं. म्हणाले, "चुरीबाई, शास्त्रोक्त आहे." तेव्हापासून चाचणी असली की दिनेश माझ्यापुढे तांब्या ठेवतो. इतक्या वर्षांची नोकरी, लॅबमधली पोरं मला बघून चळाचळा कापतात, आणि मी इथे गाल फुगवून बसते.

०

अशाच एका रविवारी दुकानाच्या दारात नवापूरचे हरेश्वरकाका उभे राहिले. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर टोपी, हातात साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवीत फडकं, फडक्यात रुमाल आणि रुमालात एक कॅसेट.

काका जन्मभर दर्यावर गेलेले. आता होडी मुलगा बघतो. त्यांची बायको जनाबाय जाऊन बरीच वर्षं झाली. मुरब्याला त्यांची बहीण होती, तीही मागच्या पावसाळ्यात गेली, आणि तिच्या ट्रंकेत भाच्याला ही कॅसेट सापडली. जनाबाय हळदीची गाणी म्हणायला अख्ख्या गावात प्रसिद्ध होती. बहिणीने कधीतरी तिचं गाणं टेप केलं होतं, आणि काकांना त्याचा पत्ताच नव्हता. घरात तिचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता.

पुढच्या महिन्यात नातीची हळद होती. काका म्हणाले, "पोरीला आजी आठवत नाय, बाय. हळदीला तिचा आवाज तरी आयकू दे."

दिनेशने कॅसेट उजेडात धरून बघितली आणि पहिल्यांदाच फॉरमॅटचं नाव काढलं नाही. फीत चिकटली होती. त्याच्या मते एकदा वाजली तर वाजली, दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नाही. माझं नवीन पान नेमकं याच विषयावर होतं, जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर कशी घ्यावी. पण त्याची चाचणी व्हायची होती. म्हणजे आधी दुसऱ्या एखाद्या कॅसेटवर रंगीत तालीम करणं भाग होतं. आणि ज्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही असा माणूस तर समोरच उभा होता.

काकांनी चष्मा लावला, पान हातात घेतलं आणि मला विचारलं, "ह्यात लिवलंय तसंच करायचं ना?" मी मान हलवली. तोंडात पाणी होतं.

०

तालमीला दिनेशच्या आईची भजनाची कॅसेट घेतली. काका एकेक ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचत होते, वाचलं की करत होते. टेपची वायर कॉम्प्युटरच्या निळ्या भोकात घातली. पडद्यावरचं बटण शोधलं. मी खूश. आणि पाचव्या ओळीला काका थांबले. "रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी आजूबाजूचे सर्व आवाज बंद करा."

हे वाक्य माइकच्या पानातलं! माइकवर बोलायचं असेल तर आजूबाजूला शांतता हवी. इथे आवाज वायरीतून येणार होता, दुकानात बँड वाजला असता तरी काही बिघडलं नसतं. मी एका पानातून दुसऱ्यात उचलताना चुकून हेही आलं होतं. मी हात हलवले, मान हलवली. काका पान बघत होते, मला नाही. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि दुकानातून बाहेर पडले.

आधी शेजारची पिठाची गिरणी बंद पडली. मग उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. मग समोरच्या गॅरेजमधली ठोकाठोक. एक रिक्षावाला इंजिन चालू ठेवून गिऱ्हाईकाची वाट बघत होता, तोही बंद झाला. नवापूर रोडवर रविवारी सकाळी इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. लोक दुकानांतून बाहेर येऊन उभे राहिले. गिरणीवाला हात जोडून, पिठाने पांढरा झालेला, आमच्या दारात आला आणि हलक्या आवाजात दिनेशला म्हणाला, "कोण गेलं?"

माझं पाणी नाकातून आलं.

काका परत येऊन खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि सहावी ओळ वाचायला लागले. भजन अगदी स्वच्छ उतरलं. ते वाक्य मी पानातून काढून टाकलं, पण गिरणीवाला अजून दर रविवारी डोकावून विचारतो की आज चालू ठेवू ना.

०

मग खरी कॅसेट. त्या दिवशी कुणी चेष्टा केली नाही. पानात लिहिलं होतं की रेकॉर्डिंग चालू असताना स्पीकर बंद ठेवा, नाहीतर तोच आवाज कॉम्प्युटरच्या आतल्या आत फिरून पुन्हा रेकॉर्ड होऊ शकतो. काकांनी स्पीकर बंद केला. त्यामुळे कॅसेट फिरत होती, आत जनाबाय गात होती, आणि आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. पडद्यावर फक्त एक हिरवी पट्टी वर-खाली होत होती.

काकांनी हळूच विचारलं, "ही ती?"

दिनेशने हो म्हटलं. मग काका शेवटपर्यंत त्या पट्टीकडे हात जोडून बघत बसले.

कॅसेट संपली. फाइल नीट साठवली गेली. आणि दिनेशने, हात सवयीचा मेला, रिवाइंडचं बटण दाबलं! करकर आवाज झाला, फीत आत गुंडाळली गेली आणि तुटली. दिनेशचा चेहरा पांढरा पडला. काकांनी मात्र शांतपणे पुढची ओळ वाचली. मूळ रेकॉर्डिंगची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. घेतली. स्वच्छ, कोरड्या, परक्याचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. पेन ड्राइव्ह त्याच रुमालात, त्याच फडक्यात आणि त्याच पिशवीत गेला, आणि काका न ऐकताच नवापूरला निघून गेले. आम्ही थांबा म्हटलं तर म्हणाले, ठेवून येतो, पान म्हनतंय.

०

आवाज साफ करायचं काम माझं. मी दुकानातल्या छोट्या स्पीकरवर लावून बघितलं. बाईचा गळा काय होता! सरळ, उघडा, एकदा वर गेला की खाली यायची घाई नाही. पण तिच्या मागे मधूनमधून एक बारीक घरघर होती, शेवटाकडे वाढत गेलेली. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर म्हातारी झाली की अशीच घरघरते. त्यावर सोपा इलाज आहे. जिथे गाणं नाही, नुसती घरघर आहे, असा तुकडा कॉम्प्युटरला दाखवायचा आणि सांगायचं की हा कचरा आहे, सगळीकडून झाड. कॅसेटच्या अगदी शेवटाला तसा तुकडा मिळाला. मी झाडलं. कुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं, इतकं स्वच्छ केलं. स्वच्छ केलेली फाइल कौतुकाने घरच्या लॅपटॉपवरही घेतली.

रविवारी काका आले. पाटील सरांनी स्पीकर मोजून मापून मांडले. गाणं सुरू झालं. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. माझेही आले, सांगायला लाज कसली!

आणि गाणं ऐन रंगात असताना, ओळ अर्धवट सोडून, जनाबाय थांबली. थोडा वेळ काहीच नाही. मग तिचा साधा, बोलण्यातला आवाज आला: "आला. भाकऱ्या थापाय घे ग." आणि खट्. कॅसेट संपली.

आम्ही तिघांनी एकदम कौतुकाला सुरुवात केली. सर म्हणाले, काय स्वच्छ उतरलंय, जणू समोर बसलीय. काका मात्र स्पीकरकडे बघत होते.

"आला कोन?" त्यांनी विचारलं.

काकांनी मनात हिशेब मांडला होता. बहीण टेप घेऊन नवापूरला आली असणार, कारण जनाबाय मुरब्याला राहायला कधी गेलीच नाही. भाकऱ्या थापायला तिने बहिणीलाच सांगितलं असणार. आणि काका घरी नव्हते, असते तर टेपचं त्यांना ठाऊक नसतं का? ते दर्यात, मुलगाही त्यांच्याबरोबर. घरात दुसरा पुरुष नाही. मग असा कोण आला, की ज्याच्यासाठी गावात नावाजलेली बाई गाणं अर्ध्यात टाकते आणि भाकऱ्या थापायला लावते?

पाटील सर गणिताचे, त्यांनी शक्यता मांडायला घेतल्या. पोस्टमन असेल. काका म्हणाले, पोस्टमनला भाकऱ्या? दिनेश म्हणाला, तेवढा शेवटचा तुकडा कापून टाकू, हळदीला कुणाला कळणार नाही. त्यावर काका उठलेच. "कापून काय व्हतं? मी आयकलंय ना." आणि ही कॅसेट हळदीला लावायची नाही असं सांगून ते गेले.

मला वाटलं, दोन दिवसांत निवळतील. कसले निवळतात! हळद आठवड्यावर आली तेव्हा त्यांच्या सुनेचा मला फोन आला. बिचारी कुजबुजत होती, कारण सासरे पडवीतच होते. म्हणाली, ताई, तुम्ही काय ऐकवलंत हो त्यांना? सासूबाईंच्या फोटोला हार रोज घालतात, पण स्वतःचं तोंड दुसरीकडे फिरवून!

०

मला झोप लागेना. जिने जन्मभर घर सांभाळलं तिच्यावर मरणानंतर आळ, आणि तोही माझ्या स्वच्छतेपायी. म्हटलं, मूळ रेकॉर्डिंग पुन्हा ऐकू. दाराची कडी, कुणाची हाक, काहीतरी धागा मिळेल. रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आत मी दारात. दिनेशला म्हटलं, ती मूळ फाइल काढ.

दिनेश कान खाजवायला लागला. कॉम्प्युटर जरा स्लो झाला होता, म्हणाला. म्हणून.

पुढचं मी त्याला बोलूच दिलं नाही. त्यानंतर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. गिरणीवाल्याने आपणहून गिरणी बंद केली. फीत तुटलेली, मूळ फाइल पुसलेली, आणि माझ्याकडे फक्त माझी ती झाडून पुसून ठेवलेली प्रत! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसऱ्यांसाठी लिहिलेलं वाक्य मी स्वतः पाळलंच नव्हतं.

पाटील सर म्हणाले, "चुरीबाई, तुमचं ते कंट्रोल सॅम्पल?"

मी सुनेला फोन लावला. सासऱ्यांनी पेन ड्राइव्ह कुठे ठेवलाय? ती म्हणाली, "देव्हाऱ्यात. रोज फूल वाहायला सांगितलंय." काखेत कळसा अन् गावाला वळसा!

दिनेशच्या गाडीत बसून आम्ही तिघं नवापूरला गेलो. सरांच्या मांडीवर मखमली पिशवी. काका पडवीत जाळं विणत बसले होते. आम्हाला बघून त्यांनी या म्हटलं, पण सुई थांबवली नाही. देव्हाऱ्यात देवीच्या टाकाशेजारी, झेंडूच्या फुलाखाली पेन ड्राइव्ह होता. स्वच्छ, कोरडी, परक्याचा हात पोहोचणार नाही अशी जागा. दिनेशने त्याच्या तोंडातली हळद फुंकून काढली. मी लॅपटॉपला लावला. फाइल होती.

लॅपटॉपच्या स्पीकरवर मागचा आवाज नुसतीच घरघर वाटत होता. तेव्हा सरांनी पिशवी सोडली, हेडफोन बाहेर काढला आणि स्वतःच्या हाताने काकांच्या डोक्यावर बसवला. काका नको नको म्हणत होते. मी शेवटचा भाग लावला.

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. आम्ही काकांच्या तोंडाकडे बघत होतो, त्या दिवशी ते हिरव्या पट्टीकडे बघत होते तसे.

आधी काही नाही. मग त्यांच्या हातातली सुई थांबली. मग त्यांचं एक बोट गुडघ्यावर आपटायला लागलं. टक, टक, टक. मधे एक ठोका गळायचा, मग पुन्हा टक, टक. बोट बराच वेळ चाललं. मग एकदम थांबलं. पडद्यावर मला दिसत होतं, ती "आला" म्हणते ती जागा तीच होती.

सून दारात पदर धरून उभी. दिनेश खाली बघत होता. माझ्या तोंडात पाणी नव्हतं, तरी मी बोलले नाही.

काकांनी हेडफोन काढून सरांच्या हातात दिला. उठले, आत गेले. भिंतीवरच्या फोटोचा हार वाकडा झाला होता, तो समोर उभं राहून दोन्ही हातांनी सरळ केला. नंतर तसेच, फोटोकडे बघतच, मला म्हणाले,

"माज्या होडीचं इंजिन हाय त्ये, बाय. हळदीला लावशील तवा जरा वाडव. गानं बारीक झालं तरी चालल."